बर्फावरचे पुरुष आणि आमची गच्ची

डोंबिवलीत थंडी पडते असं म्हणणं हे तसं धाडसच. नोव्हेंबर सरता सरता पहाटे पंखा एकवर येतो, मानपाडा रोडवरच्या चहावाल्याच्या कानांना मफलर दिसतो आणि औद्योगिक वसाहतीकडून येणारा तो ओळखीचा आंबूस वास जरा खाली उतरून खिडकीत बसतो. एवढीच आमची थंडी. पण ती आली की दूर कुठेतरी, खऱ्या थंडीच्या देशांत, बर्फावरच्या स्केटिंगच्या स्पर्धा सुरू होतात आणि माझ्या फोनवरचा आमचा छोटासा ग्रुप जागा होतो. "ताई, पुरुषांचं वेळापत्रक आलं!" मला आनंद होतो, आणि आनंदाच्या मागोमाग राग येतो. तो राग करोनातल्या एका मोसमाचा आहे. वर्षं गेली, तो उतरत नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. लहान असताना टीव्हीवर एकदा, बातम्या संपल्यावर, कुठल्याशा हिवाळी खेळांची चार-पाच मिनिटं दाखवली होती. सैल बाह्यांचा शर्ट घातलेला एक पुरुष बर्फावर पाठमोरा सरकत होता. माणूस मागे जाताना इतका सुंदर दिसू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "हा काय पुरुषाचा खेळ?" आणि उठून त्यांनी टीव्ही बंद केला. पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका उरला आणि तोही विझला. पण तो माणूस पुढे उडी मारणार होता की नाही, हे मला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं.

टाळेबंदीत ते शोधायला वेळ मिळाला. वर्ग काळ्या चौकोनांचा झाला होता. मी कविता शिकवायचे आणि समोर नुसती नावं असायची. नवरा जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेला. अशा दिवसांत मी एक जुना व्हिडिओ बघितला, मग दुसरा, आणि एका व्हिडिओखाली कोणीतरी मराठीत लिहिलेलं दिसलं, "अहो, हात बघा त्याचे हात!" ती रोहिणी. ठाण्याची, खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणारी, बँकेत काम करणारी. तिनेच ग्रुप काढला. ठाणे ते कल्याणपर्यंतचे काही लोक त्यात आले, बहुतेक नुसते वाचणारे. बोलणारे तिघंच. मी, रोहिणी, आणि 'उलटी गिरकी' असं नाव घेतलेला एक जण. हा उलटी गिरकी आम्हाला उड्या ओळखायला शिकवायचा. "बाकी सगळ्या उड्या मागे सरकताना मारतात. समोर तोंड करून उडतो ती एकच. ती दिसली की श्वास धरा." आम्ही श्वास धरायचो.

आमच्या तिघांचा एक लाडका होता. युरोपातल्या एका लहानशा देशाचा, तिशी ओलांडलेला. बाकीचे सगळे विशीच्या आतबाहेरचे, म्हणून आम्ही त्याला काका म्हणायचो. त्याच्या गावातलं बर्फाचं मैदान करोनात बंद झालं, तर हा गृहस्थ चाकांचे स्केट्स घालून एका रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करत होता. कोणीतरी तो व्हिडिओ टाकला होता. मागे उभ्या असलेल्या मोटारी, वर ट्यूबलाइट, आणि मधे काका, हात पसरून, जणू त्याच्याभोवती हजारो माणसं बसली आहेत.

माणसं नव्हतीच कुठे. त्या हिवाळ्यातल्या स्पर्धा रिकाम्या हॉलमध्ये झाल्या. खुर्च्यांवर प्रेक्षकांचे पुठ्ठ्याचे फोटो उभे केलेले असायचे आणि उडी झाली की स्पीकरवरून आधीच रेकॉर्ड केलेल्या टाळ्या. मला त्या टाळ्यांचा फार संताप यायचा. पडणाऱ्यालाही तेवढ्याच, उभा राहणाऱ्यालाही तेवढ्याच.

मोसमातली शेवटची मोठी स्पर्धा आली तेव्हा आमच्याकडे उकडायला लागलेलं होतं. पुरुषांचा पहिला, छोटा कार्यक्रम गुरुवारी दुपारी होता. मी मुलांना उतारा वाचायला दिला आणि लॅपटॉप लावला. खेळ सुरू झाला आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी "आई गं!" म्हणून ओरडायचं आणि दोन क्षणांनी माझ्या पडद्यावर एखादा खेळाडू पडायचा. वरून "जमलं!" असं आलं की माझ्याकडचा हमखास उभा राहायचा. माझा सगळा खेळ कोणीतरी आधीच फोडत होतं. काका बर्फावर उतरला तेव्हा मी कान दाबून बसले.

मग मी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी हीच स्पर्धा माझ्याआधी बघतंय. वैताग आहे."

उलटी गिरकीचं लगेच उत्तर, "आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई माझ्यानंतर ओरडतात. मला वाटलं त्यांना काय झालं."

मग जिन्यात पावलं वाजली. मी मास्क लावून दार उघडलं, तर वरच्या पायऱ्यांवर सिद्धार्थ उभा. वरच्या मजल्यावरच्या कमलताईंचा मुलगा. सभ्यपणे खूप लांब उभा राहिला होता.

"शुभदाताई? तुम्ही?"

"तू उलटी गिरकी?"

"हो ना. आज खास रजा टाकली. आधी घाबरलेलो, म्हटलं कोणाला बरं नाही की काय!"

आम्ही जिन्यात उभे राहून वेड्यासारखे हसलो. कितीतरी वर्षं एकाच जिन्याने चढ-उतार करत होतो, आणि मला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे आणि कमलताई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या आहेत. बाकीची बिल्डिंग दारं लावून बसली होती तेव्हा तो रोज सकाळी कामाला जात होता. कोणीतरी जायलाच हवं होतं. आपल्या घराघरांत ज्या गोळ्या गिळल्या जात होत्या त्या आभाळातून पडत नव्हत्या. पण तो आला की लोक लिफ्टमधून बाहेर पडायचे, आणि तो गेला की कोणीतरी लिफ्टची बटणं पुसायचं.

स्केटिंग तो शाळेत असताना कल्याणला शिकला होता. चाकांवरचंच, पण शर्यतीचं नव्हे, हे गिरक्यांचं. दहावीत सोडलं. "पोरं चिडवायची ना," एवढंच तो म्हणाला. टाळेबंदीत काकाचा पार्किंगमधला व्हिडिओ बघितला आणि माळ्यावरून स्केट्स काढले. लहान झाले होते म्हणून नवे मागवले. कामावरून आला, अंघोळ केली, की संध्याकाळी आमच्या गच्चीवर जायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी मी वर गेले. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपलीकडे गुळगुळीत कोब्याचा एक चौकोन आहे. तिथे तो फिरत होता. पूर्वेला मलंगगड, संध्याकाळी तो निळसर होतो आणि नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखा वाटतो. सिद्धार्थ मागे सरकत होता. मान किंचित वळलेली, एक हात पुढे, एक मागे, आणि पायाखाली फक्त चाकांची घरघर. संगीत त्याच्या कानात होतं, मला ऐकू येत नव्हतं. तरी मला ते दिसत होतं. मग तो वळला, उडाला आणि उतरला. लहानशीच उडी. पण ज्या उडीआधी बाबांनी टीव्ही बंद केला होता ती मला आता समोर, माझ्याच बिल्डिंगच्या डोक्यावर बघायला मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. तो दचकून लाजला.

हेच दुसऱ्या कोणीतरी समोरच्या विंगमधून मोबाइलवर टिपलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसून रडणारे चेहरे. "आपल्याकडे नवीन नाच्या." "लग्न ठरत नाही ते उगाच नाही." रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्या एका आजोबांनीही तसाच चेहरा टाकला. मग कोणीतरी गंभीर झालं. हा रोज बाहेर जातो, वर जाऊन घाम गाळतो, धापा टाकतो, विषाणू हवेत पसरत असेल. म्हणजे नाच्या म्हणून हसायचं, आणि हसून झालं की रोगट म्हणून घाबरायचं. दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लागलं. सेक्रेटरींनी सूचना टाकली, 'सर्वांच्या आरोग्यासाठी.'

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींच्या नातवाचा वाढदिवस झाला. कुठे? गच्चीवर. फुगे वाऱ्याने सुटून आमच्या खिडकीवरून गेले. मास्क हनुवटीवर लावलेली माणसं केक खाऊन खाली आली, आणि कुलूप परत लागलं.

मी चिडले तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. लोक मरताहेत आणि तुझं काय स्केटिंग!"

हे वाक्य मी त्या मोसमात इतक्या जणांकडून ऐकलं. लोक मरत होते हे मला कळत नव्हतं का? माझी मावशी त्याच महिन्यात गेली आणि आम्हाला तिला बघायलाही मिळालं नाही. पण लोक मरत असताना घराघरांत मालिका चालू होत्या, क्रिकेट चालू होतं, पाककृतींचे फोटो फिरत होते, आणि तेव्हा कोणाला कोणी मेलेलं आठवत नव्हतं. पुरुषाने गिरकी घेतली की मात्र सगळ्यांना मेलेले आठवायचे. सुंदर काही बघायला मिळालं नाही तर माणसं कमी मरतात का? मी नवऱ्याला हे विचारलं. तो म्हणाला, "मीटिंग आहे," आणि हेडफोन लावला.

शनिवारी त्याच स्पर्धेतला पुरुषांचा मोठा कार्यक्रम झाला. काकाने त्या दिवशी जे केलं ते मी शब्दांत पकडायचा कितीदा तरी प्रयत्न केला आहे. हवेत चार वेढे घ्यायच्या उड्या त्याला आता जमत नव्हत्या, त्याने त्या घेतल्याच नाहीत. पण जे घेतलं ते सगळं असं की बर्फावर ओरखडासुद्धा उमटला नसेल. शेवटी तो पुठ्ठ्याच्या माणसांसमोर वाकला. चारही बाजूंना वाकला. पुठ्ठ्याला इतक्या मनापासून नमस्कार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग मास्क लावून, गुणांची वाट बघत बाकावर बसला. आणि दोनदा आपटलेला, उरलेल्या वेळात नुसता एका उडीपासून दुसरीपर्यंत धावणारा एक पोरगा त्याच्या कितीतरी पुढे गेला.

ग्रुपवर आग लागली.

"पडला तरी पुढे? कशाचे गुण देतात हे? आपटण्याचे?" मी.

"ताई, चार वेढे पूर्ण केलेत त्याने, मग पडला. नियमात बसतं ते," रोहिणी.

"मग नियम गाढव आहे."

"तसं कसं म्हणता? तो पोरगा किती वेळा पडून तिथवर आला असेल! काका आवडतात म्हणून त्याची मेहनत खोटी का?"

"मेहनतीचं म्हणत नाहीये मी. पण दोन उड्यांच्या मधे जे असतं त्याचं काय? तेच तर सगळं असतं!"

रोहिणी माझ्यावर चिडली, मी तिच्यावर. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी सिद्धार्थने लिहिलं, "रोहिणीताईंचं बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि काकांना तो आधीपासून माहीत होता. तरी ते आले. मला तर तेच भारी वाटलं."

नियम सगळ्यांना सारखा होता. त्या वाक्यापाशी मी थांबले. काकाच्या गुणांवरून आलेला माझा राग तिथे थोडा सैल झाला, आणि दुसरा, खरा राग घट्ट झाला. तिथे निदान नियम छापलेला होता. आमच्या गच्चीचा नियम एका माणसासाठी एका दिवसात तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची ऑनलाइन सभा होती. पाण्याच्या टाक्या, पार्किंग, सगळं झालं. मी हात वर केला. "गच्ची सर्वांसाठी बंद आहे की सिद्धार्थसाठी?" मी विचारलं. "कारण परवा तिथे केक कापला गेला."

सेक्रेटरी हसले. "मॅडम, तो लहान मुलांचा आनंदाचा प्रसंग होता. आणि हे बघा, तीस वर्षांच्या घोड्याने असं अंगविक्षेप करत नाचणं चांगलं दिसत नाही. बिल्डिंगमध्ये लेकीसुना आहेत. आमच्यात असलं चालत नाही."

"आमच्यात म्हणजे कोणात?"

ते पुढच्या विषयाचा कागद शोधायला लागले. कमलताईंचा चौकोन पडद्यावर दिसत होता, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्या हलल्या नाहीत. मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि माझ्या नावाशेजारी माइकवर आडवी लाल रेघ आली. सेक्रेटरींनी मला म्यूट केलं होतं.

तीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या बाईला म्यूट करू नये. मी मास्क लावला, दार उघडलं आणि आमच्या जिन्यात उभी राहिले. जिना विहिरीसारखा घुमतो. "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" मी म्हणाले. "तो मुलगा तुमच्या औषधांच्या कारखान्यात जातो म्हणून तुम्हाला घाण वाटतो. तो सुंदर नाचतो म्हणून तुम्हाला हसू येतं. आणि आमच्यात-तुमच्यात काय असतं ते बोलायची हिंमत नाही म्हणून आरोग्याचं नाव घेता. लाज वाटू द्या!"

दारं उघडली नाहीत. एका दारामागे टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. वरून सिद्धार्थ आला. "ताई, बास. राहू द्या. मला नको ती गच्ची."

"मला हवी आहे!" मी म्हणाले. माझा आवाज फुटला आणि मला स्वतःचाच राग आला.

गच्ची उघडली नाही. सिद्धार्थ मग रविवारी सकाळी कारखान्यांमधल्या रस्त्यावर सराव करायला जायला लागला. तिथे सुट्टीच्या दिवशी सामसूम असते. पण तो रस्ता रसायनांच्या टँकरांनी खाऊन खाऊन उरलेला रस्ता. एका रविवारी उडीवरून उतरताना चाक खड्ड्यात गेलं आणि तो मनगटावर पडला. हाड दोन ठिकाणी मोडलं. तेव्हा करोनाची दुसरी लाट उसळली होती, हॉस्पिटलांत मोडलेल्या मनगटाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. कमलताई त्याला रिक्षात घालून शीळफाट्यापर्यंत दवाखाने शोधत गेल्या. हात बसवला गेला तो उशिरा, आणि थोडा वाकडाच.

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, "लवकर बरे व्हा. म्हणूनच नियम असतात." त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली.

'म्हणूनच नियम असतात.' हे वाक्य मी अजून फळ्यावर लिहिते. मुलांना सांगते, यातला 'म्हणूनच' खोटा आहे, शोधा कसा. हुशार मुलं शोधतात.

सिद्धार्थने पुढे खूप दिवस स्केट्सना हात लावला नाही. स्पर्धा बघायचा, आम्हाला उड्या सांगायचा, पण गच्चीचा विषय निघाला की तो बदलायचा. काका निवृत्त झाला. हॉल पुन्हा माणसांनी भरले. रोहिणी आणि मी नियमांवरून अजून भांडतो. ती ठाण्याहून चकल्या घेऊन येते आणि भांडते. तिनेच तिच्या घराजवळ चाकांच्या स्केटिंगचं एक मैदान शोधलं आणि सिद्धार्थला जवळजवळ ओढत नेलं. तिथली पोरं त्याच्या निम्म्या वयाची. वाकड्या मनगटाने तोल सांभाळायला तो पुन्हा पहिल्यापासून शिकला. आणि गेल्या पावसाळ्यानंतर ठाण्यात मोठ्यांच्या गटाची स्पर्धा झाली, त्यात तो तिसरा आला. एका स्थानिक चॅनलवर त्याची गिरकी दिसली, खाली पट्टीवर 'डोंबिवलीकर'.

मग काय! सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत सत्काराच्या यादीत सिद्धार्थचं नाव. 'आपल्या सोसायटीची शान.' सेक्रेटरी तेच. हसून रडणारे चेहरे टाकणाऱ्यांनी आता टाळ्यांचे हात टाकले.

"मी नाही जाणार," सिद्धार्थ म्हणाला. "उगाच तमाशा नको."

"बरोबर आहे, नकोच जाऊस," मी म्हणाले.

कमलताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाते."

खालच्या पटांगणात मांडव होता. मी त्यांच्या शेजारी बसले. सिद्धार्थ मागे, गेटपाशी उभा राहिला. नाव पुकारलं गेलं तशा कमलताई उठल्या, निळी कॉटनची साडी सारखी केली आणि व्यासपीठावर गेल्या. सेक्रेटरींनी शाल उलगडली. कमलताईंनी हात पुढे करून ती थांबवली आणि माइक घेतला. आवाज बारीक होता, पण टेलिफोन ऑफिसात आयुष्य गेलेली बाई, एक अक्षर पुसट नाही.

"माझ्या मुलाला तुम्ही नाच्या म्हणालात. तो नाचतो. चांगला नाचतो. त्याचा हात मोडला तेव्हा तुम्ही आम्हाला नियम सांगितलात. शाल राहू द्या. आधी त्याची माफी मागा. तो तिथे मागे उभा आहे."

सगळा मांडव वळला. सिद्धार्थने खाली बघितलं नाही, हे मी पाहिलं. सेक्रेटरी कसंबसं हसले. "अहो वहिनी, झालं गेलं... करोनाचा काळच तसा होता..." त्यांनी डेकवाल्याकडे बघितलं, त्याने गाणं लावलं. कमलताई माइक धरून तशाच उभ्या राहिल्या. गाण्यातून माफी यायची ती वाट बघत होत्या जणू. मग माइक टेबलावर ठेवला, शाल तिथेच राहिली, आणि त्या उतरल्या. पहिल्या रांगेतल्या एका सुनेने उठून त्यांना वाट करून दिली आणि ती परत बसली नाही, उभीच राहिली. बाकी कोणी नाही.

आम्ही तिघं गेटबाहेर पडलो आणि कुठे जायचं ते न ठरवता मानपाडा रोडच्या दिशेने चालत राहिलो. मी कमलताईंचा हात धरला. चालता चालता त्या म्हणाल्या, "शुभदाताई, मी जास्त बोलले का हो?"

"नाही," मी म्हणाले. "कमीच बोललात."